स्वर्गीय नगराचे नागरिकत्व आणि वर्ध्याचा पुरावा

ख्रिस्ती माणसाची आशा आभाळात आहे, त्यामुळे त्याचा जीव इथल्या मातीत रमत नाही, हे मत महाराष्ट्रात इतक्या सहजपणे मांडले जाते की मांडणाऱ्याला पुरावा देण्याची गरज वाटत नाही आणि ऐकणाऱ्यालाही तो मागावासा वाटत नाही. व्याख्यानात ते इतिहासाचा निष्कर्ष म्हणून येते, लेखांत राष्ट्रहिताची काळजी म्हणून येते आणि घरगुती बोलण्यात ‘त्यांचं सगळं तिकडचं’ एवढ्या एका वाक्यात उरकले जाते. हे ‘तिकडचं’ म्हणजे कधी रोम असते, कधी जेरुसलेम, कधी लंडन, आणि यांपैकी काहीच लागू पडत नसेल तर स्वर्ग. ज्या स्वर्गीय नगराची वाट ख्रिस्ती श्रद्धा पाहते त्याबद्दल बोलण्यापूर्वी मूळ ग्रंथ एकदा उघडून पाहिले असते आणि एकट्या वर्धा जिल्ह्याचा गेल्या शतकातला इतिहास वाचला असता, तर हा आरोप इतका काळ तगला नसता.

आरोप त्याच्या सर्वांत धारदार रूपात मांडला पाहिजे, कारण आधी बोथट करून घेतलेले मत खोडून काढण्यात काही अर्थ नाही. तो असा: ज्या गावात कायमचे राहायचे नाही त्या गावच्या विहिरीतला गाळ कोणी उपसत नाही. ख्रिस्ती धर्म आपल्या अनुयायाला सांगतो की तू पृथ्वीवर परका आणि प्रवासी आहेस, तुझे नगर वर आहे आणि तिथल्या वहीत तुझे नाव लिहिले गेले आहे. मग असा माणूस इथली गरिबी, इथला अन्याय, इथले दास्य मनावर कशाला घेईल? शिवाय ज्याची अंतिम निष्ठा दुसऱ्या नगराशी बांधलेली आहे त्याची या देशावरची निष्ठा दुसऱ्या क्रमांकाचीच राहणार, आणि दुसऱ्या क्रमांकाची निष्ठा आणीबाणीच्या वेळी कामी येत नाही. साम्यवादी यात आपली भर घालतात: परलोकाची ही आशा म्हणजे उपाशी माणसाला पाजलेली अफू असून तिच्या गुंगीत तो आपल्या हक्काची भाकर मागायला विसरतो. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे हे पक्ष या एका निष्कर्षावर मात्र एकत्र येतात की ख्रिस्ती माणसाची नाळ या भूमीशी जुळलेली नाही.

प्रथम त्या नगराचेच पाहावे. ख्रिस्ती धर्मशास्त्रात जगाच्या शेवटाचा आणि अंतिम आशेचा जो विचार केला जातो त्याला युगान्तशास्त्र म्हणतात, आणि नव्या करारातील शेवटचे पुस्तक, म्हणजे योहानाचे ‘प्रकटीकरण’, हा त्या विचाराचा मुख्य आधार आहे. हे पुस्तक पात्म बेटावर हद्दपारीत असलेल्या माणसाचे आहे. त्याने पाहिलेले नवे यरुशलेम वर जाताना दिसत नाही, ते स्वर्गातून खाली, नव्या पृथ्वीवर, उतरताना दिसते. माणसे पृथ्वी सोडून देवाकडे जातात असे ते चित्र नाही. देव माणसांमध्ये वस्तीला येतो असे ते चित्र आहे. त्या नगराला बारा वेशी आहेत, चारही दिशांना तीन तीन, आणि दिवसा त्या कधीच बंद होत नाहीत व रात्र तर तिथे नाहीच. त्यात मंदिर नाही, कारण देवाची उपस्थिती एका वास्तूपुरती उरलेली नाही. सर्व राष्ट्रे आपापले वैभव घेऊन त्यात येतात, म्हणजे राष्ट्रांचे वेगळेपण तिथे पुसले जात नाही. नदीकाठी जीवनाचे झाड आहे, ते बारा महिने फळते आणि त्याच्या पानांनी राष्ट्रांना आरोग्य मिळते. ज्या आशेच्या केंद्रस्थानी नदी, झाड, उघड्या वेशी आणि बरी होणारी राष्ट्रे आहेत, त्या आशेला पृथ्वीचा तिटकारा आहे असे कोणत्या वाचनातून निघते?

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा दाखला नेहमी दिला जातो, आणि नेहमी अर्धवट दिला जातो. अब्राहाम तंबूत राहिला, पाया असलेल्या नगराची वाट पाहत राहिला, हे त्या पत्रात आहेच. पण त्याच अध्यायात विश्वासाने जगलेल्यांनी काय केले याचीही यादी आहे आणि तीत न्याय प्रस्थापित करणे, राज्यांशी झुंजणे आणि राजाच्या क्रोधाला न भिणे यांचा समावेश आहे. त्याहून जुना दाखला यिर्मया संदेष्ट्याचा. बाबेलला कैद करून नेलेल्या यहुद्यांना त्याने पत्राने कळवले की तिथे घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी झटा व प्रार्थना करा. शत्रूचे नगर आणि तिथला कैदेचा मुक्काम, तरीही हा आदेश. परकेपणाची जाणीव आणि जबाबदारीची जाणीव या परंपरेत सुरुवातीपासून एकत्र चालत आल्या आहेत. त्यांतली एक उचलून दुसरी दडवणे हे अप्रामाणिक वाचन आहे.

आता वर्ध्याकडे. डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले. या कामाचा मुख्य संघटक जोसेफ कॉर्नेलिअस कुमारप्पा हा तंजावरच्या तमिळ ख्रिस्ती कुटुंबात 1892 साली जन्मलेला, लंडनमध्ये लेखापाल झालेला आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्तशास्त्र शिकलेला माणूस होता. मुंबईत हिशेब तपासनिसाचा चांगला व्यवसाय असताना तो सोडून त्यांनी गांधीजींच्या सांगण्यावरून गुजरातेतल्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी केली आणि पुढे वर्ध्यात मुक्काम ठोकला. त्यांची ख्रिस्तावरची श्रद्धा कधी झाकलेली नव्हती. ज्याचे नगर वर आहे त्याने इथे नुसते वाट पाहत बसायला हवे होते, असे आरोपाचे म्हणणे असेल, तर कुमारप्पा मगनवाडीत काय करत होते ते तपशिलात पाहिले पाहिजे.

ते तेलघाणी सुधारत होते. गिरणीचे तेल स्वस्त पडते हा हिशेब अपुरा आहे असे त्यांचे म्हणणे होते, कारण घाणीवर तेल गावातच निघाले तर तेल्याची मजुरी गावात राहते, पेंड गावच्याच बैलाच्या पुढ्यात पडते आणि खत गावच्याच शेतात जाते. गिरणी गावाबाहेर गेली की या साऱ्यावर गावाला पाणी सोडावे लागते. गिरणीत पांढराशुभ्र होणाऱ्या तांदळाचा कोंडा जातो आणि कोंड्याबरोबर पोषणही जाते, म्हणून हातसडीच्या तांदळाचा त्यांनी आग्रह धरला. हातकागद, मधमाश्या, ताडाचा गूळ, साबण, कुंभारकाम यांचे प्रयोग मगनवाडीत चालत. रॉकेल परदेशातून येते आणि झोपडीत दिवा तर लागलाच पाहिजे, म्हणून वनस्पती तेलावर जळणारा ‘मगनदीप’ तिथे तयार झाला. 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय या कामाची साक्ष म्हणून वर्ध्यात आजही उभे आहे. तांदळाचा कोंडा आणि बैलाची पेंड यांचा इतका बारकाईने हिशेब ठेवणाऱ्या माणसाची नजर पृथ्वीवरून उडालेली होती, असे म्हणणे शक्य आहे काय?

यावर एक पळवाट नेहमी काढली जाते: कुमारप्पांनी जे केले ते गांधीजींमुळे, ख्रिस्ती श्रद्धेमुळे नव्हे. ही पळवाट त्यांच्या पुस्तकांनीच बंद केलेली आहे. ऑगस्ट 1942 नंतरच्या तुरुंगवासात, जबलपूरच्या कारागृहात, त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक येशूच्या आचरणाविषयी आणि शिकवणीविषयी, आणि दुसरे ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’, म्हणजे चिरंतनाचे अर्थशास्त्र. 1945 साली दोन्ही प्रसिद्ध झाली व दोहोंना गांधीजींची प्रस्तावना आहे. धर्म, समाजव्यवहार आणि अर्थव्यवहार यांना वेगवेगळ्या कप्प्यांत बंद केले गेले, निसर्ग असे कप्पे ओळखत नाही, ही त्यांची मूळ तक्रार आहे. दगडी कोळसा, खनिज तेल, धातू यांच्यावर चालणारी व्यवस्था ती साठ्याची अर्थव्यवस्था, कारण साठा उपसला की संपतो आणि संपत आलेल्या साठ्यासाठी राष्ट्रे एकमेकांवर तुटून पडतात. सूर्य, पाऊस, झाड, जनावर आणि माणसाचे श्रम यांच्यावर चालणारी ती प्रवाहाची, कारण तिचे चक्र फिरत राहते. ओरबाडून खाणाऱ्या जीवापासून पिलासाठी झिजणाऱ्या आईपर्यंत त्यांनी अर्थव्यवहाराच्या पायऱ्या लावल्या आणि सर्वांत वरची पायरी सेवेला दिली. क्षणिक आणि चिरंतन यांतला भेद ही ज्याच्या श्रद्धेची बाराखडी आहे, त्यालाच तो भेद शेणखतात आणि रॉकेलच्या दिव्यात दिसला, हे योगायोगाने घडत नाही. ज्या माणसाला शाश्वत नगराची ओढ नव्हती अशा किती अर्थतज्ज्ञांना 1945 साली हे दिसले होते?

अफूच्या आरोपाचे उत्तर यातच आलेले आहे, तरी त्यावर आणखी थोडे बोलणे आवश्यक आहे. मार्क्सने 1844 साली ही उपमा वापरली तेव्हा त्याच ठिकाणी धर्माला पीडितांचा उसासाही म्हटले होते; मराठीत फिरणाऱ्या आवृत्तीतून तो अर्धा भाग गळाला आहे. आणि ज्या पुस्तकातून ही आशा येते तेच पुस्तक श्रीमंतांच्या डोळ्यांत सर्वाधिक खुपणारे आहे. प्रकटीकरणाच्या अठराव्या अध्यायात बाबेल या नावाआडून रोम साम्राज्याच्या व्यापाराची यादी दिली आहे: सोने, रुपे, मोती, तलम वस्त्रे, हस्तिदंत, दालचिनी, मद्य, तेल, गहू, गुरे, घोडे, रथ आणि सर्वांत शेवटी माणसांचे जीव. वस्तूंच्या यादीच्या टोकाला विकली जाणारी माणसे ठेवून त्या लेखकाने साम्राज्याच्या संपत्तीचा खरा हिशेब मांडला. ज्या हिंगणघाटचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना जात असे आणि ज्याच्या भोवतालचा शेतकरी व विणकर कंगाल होत गेला, त्या जिल्ह्यात हा अध्याय वाचणाऱ्याला अर्थ समजावून सांगावा लागत नाही. अफू झोपवते. हा ग्रंथ वाचणारे कुमारप्पा पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले.

निष्ठेचा आरोप अधिक गंभीर आहे, कारण त्याला मराठीत एक तात्त्विक चौकट मिळालेली आहे. विनायक दामोदर सावरकरांनी 1923 साली प्रसिद्ध झालेल्या ‘हिंदुत्व’ या ग्रंथात पितृभू आणि पुण्यभू अशी दोन लक्षणे मांडली. पितृभू म्हणजे पूर्वजांची भूमी, पुण्यभू म्हणजे आपल्या धर्माची पवित्र भूमी. ख्रिस्ती व मुसलमान यांची पितृभू भारत असली तरी पुण्यभू दूर पॅलेस्टाइन वा अरबस्तानात आहे, सबब त्यांचे प्रेम विभागले गेले आहे, असा त्या मांडणीचा रोख आहे. या युक्तिवादाचा पाया ख्रिस्ती धर्माच्या बाबतीत सपशेल चुकीचा आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात शोमरोनी स्त्रीने येशूला नेमके हेच विचारले होते की उपासनेची खरी जागा हा डोंगर की यरुशलेम, आणि त्याने दोन्ही नाकारून उपासना आत्म्याने व खरेपणाने करण्याची आहे असे सांगितले. इब्री लोकांस पत्रानेही पृथ्वीवरच्या कोणत्याच नगराला टिकणारे नगर मानलेले नाही, आणि त्यात पॅलेस्टाइनमधले जेरुसलेमही आलेच. वर्ध्याच्या ख्रिस्ती माणसाची आशा ज्या नगरात आहे ते कोणत्याही देशाच्या नकाशावर नाही. त्याला सैन्य नाही, सीमा नाही, वकिलात नाही. जे नगर कोणत्याही देशात नाही ते भारताचे प्रतिस्पर्धी कसे होऊ शकते? उलट, ज्याने स्वर्गाखेरीज दुसरे कोणतेही अंतिम नगर मानायचे नाही असे ठरवले आहे, त्याला रोम, लंडन वा वॉशिंग्टन यांनाही अंतिम मानता येत नाही.

पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिताना नागरिकत्वाचा जो विचार मांडला तो याच दृष्टीने वाचला पाहिजे. फिलिप्पै ही मासेदोनियातली रोमन वसाहत होती; इ.स.पू. 42 च्या लढाईनंतर निवृत्त सैनिकांना तिथे जमिनी देऊन वसवले होते. त्या सैनिकांकडे रोमचे नागरिकत्व होते, पण गाशा गुंडाळून रोमला परत जावे यासाठी त्यांना ते दिलेले नव्हते. मासेदोनियात राहून तिथे रोमची रीत रुजवणे हे त्यांचे काम होते. स्वर्गाचे नागरिकत्व हा शब्दप्रयोग अशा वाचकांपुढे ठेवणारा पौल त्यांना पळून जायला सांगत नव्हता, आहात तिथेच स्वर्गाची रीत आणा असे सांगत होता. याच फिलिप्पैत त्याला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकले गेले तेव्हा त्याने आपल्या रोमन नागरिकत्वाचा हक्क बजावला आणि अधिकाऱ्यांना स्वतः येऊन सोडवायला लावले. वरचे नागरिकत्व मिळाले म्हणून खालचे टाकून द्यावे, असे त्याला वाटले नाही.

हा आरोप नवा नाही, सोळा शतके जुना आहे. इ.स. 410 मध्ये अलारिकच्या गॉथ सैन्याने रोम लुटले तेव्हा जुन्या देवांना सोडून परलोकाकडे पाहणाऱ्या ख्रिस्ती लोकांनी रोमला दुबळे केले, असे म्हटले गेले. हिप्पो येथील बिशप ऑगस्टिन याने 413 ते 426 या काळात बावीस भागांचा ‘देवाचे नगर’ हा ग्रंथ लिहून त्याला उत्तर दिले. देवाचे नगर आणि ऐहिक नगर ही दोन वेगळ्या प्रेमांतून उभी राहतात, पण जगाच्या अंतापर्यंत ती एकमेकांत मिसळलेली राहतात. देवाच्या नगराचे प्रवासी नागरिक सर्व राष्ट्रांतून आणि सर्व भाषांतून येतात, त्यांच्या चालीरीती मोडत नाहीत आणि ऐहिक नगराची शांतता ही आपलीही गरज मानून ती जपतात, हे त्याचे प्रतिपादन आहे. पण ग्रंथाहूनही मोठा पुरावा त्याच्या अखेरच्या दिवसांचा आहे. 430 साली व्हँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातला तेव्हा धर्मगुरूंनी आपल्या लोकांना संकटात टाकून पळून जाऊ नये, असे आधीच लिहून ठेवलेला हा म्हातारा त्या वेढ्यातच, आपल्या ऐहिक नगरात, मरण पावला.

जुन्या मध्य प्रदेशात, ज्यात तेव्हा वर्धा जिल्हा होता आणि ज्याची राजधानी नागपूर होती, हा वाद सरकारी दप्तरातही गेला. निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली 1954 साली नेमलेल्या समितीने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करून 1956 साली अहवाल दिला, आणि परदेशी मिशनचे पैसे व परदेशाकडे लागलेली निष्ठा हा त्या अहवालाचा एक मुख्य आक्षेप होता. परकीय पैशाच्या जोरावर चालणाऱ्या कामावर टीका होऊ शकते. ख्रिस्ती विचारवंतांनीच ती सर्वांत आधी केली. नारायण वामन टिळक यांनी 1917 साली मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ उभा करण्याचा प्रयत्न केला तो याच जाणिवेतून. पण नियोगी अहवालाचा हवाला देऊन एका श्रद्धेच्याच गळ्यात देशद्रोह बांधणाऱ्यांनी त्या समितीच्या सदस्यांची नावे पाहिलेली नसतात. त्यांत एस. के. जॉर्ज होते, केरळचे सीरियन ख्रिस्ती, वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयातील प्राध्यापक. गांधीजींच्या सत्याग्रहाला पाठिंबा देण्यासाठी कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजातली नोकरी 1932 मध्ये सोडलेला आणि गांधीजींनी ख्रिस्ती धर्मापुढे ठेवलेल्या आव्हानावर पुस्तक लिहिलेला हा माणूस मंडळीच्या तक्रारी ऐकायला आणि मंडळीचे दोष पाहायलाही त्या समितीत बसला. स्वर्गीय नगराच्या नागरिकाला परकीय मिशनचा हस्तक ठरवायचे असेल तर आधी जॉर्ज यांचे काय करायचे ते ठरवावे लागेल.

कुमारप्पांनी तर हा प्रश्न 1930 सालीच उलटा केला होता. मिठाच्या सत्याग्रहात निःशस्त्र माणसांची डोकी फुटत असताना साम्राज्याच्या आश्रयाने वाढलेले बिशप आणि मिशनरी गप्प का, असा जाब त्यांनी उघड पत्राने विचारला. त्या वेळी देशाशी निष्ठा कोणाची ठरली? ज्यांना ब्रिटिश राज्य आणि देवाचे राज्य एकच वाटत होते त्यांची, की ज्याला या दोहोंतला फरक ठाऊक होता त्याची? साम्राज्याला ‘नाही’ म्हणण्याचे बळ कुमारप्पांना मिळाले ते साम्राज्यापेक्षा मोठे नगर त्यांना मान्य होते म्हणूनच. ज्याच्या मनात राज्यसत्तेच्या वर काहीच नाही तो चांगला नागरिक ठरतो, ही समजूत मुळात घातक आहे. सत्ता बिघडते तेव्हा असा नागरिक तिच्याबरोबर बिघडतो.

वर्ध्यात अशी माणसे एकदोन नव्हती. ऑक्टोबर 1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेतून ‘नयी तालीम’ जन्मली आणि झाकिर हुसेन समितीच्या शिफारशींनंतर सेवाग्रामला हिंदुस्तानी तालीमी संघाचा भार ज्यांनी वाहिला ते ई. डब्ल्यू. आर्यनायकम् जाफन्याचे ख्रिस्ती होते. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी आशादेवींनी आयुष्य सेवाग्रामलाच वाहिले. गांधीजींच्या सचिव म्हणून सेवाग्रामात राहिलेल्या राजकुमारी अमृत कौर पुढे मध्य प्रांत व वऱ्हाडातून संविधान सभेत गेल्या आणि स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री झाल्या. त्याच संविधान सभेत भारतीय ख्रिस्ती प्रतिनिधींनी आपल्या समाजासाठी राखीव जागांचा आग्रह सोडला. ज्यांचे नगर दुसरीकडे आहे असे म्हटले जाते त्यांनी या देशाच्या संसदेत वेगळी कोपऱ्यातली जागा मागितली नाही, सर्वांबरोबरची मागितली.

महाराष्ट्राला परलोकाची ओढ अपरिचित आहे काय? तुकाराम महाराजांच्या वैकुंठगमनाची बीज दरवर्षी फाल्गुन वद्य द्वितीयेला देहूत पाळली जाते; म्हणून तुकोबांचे देहूच्या मातीशी नाते नव्हते असे कोणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. पवनारच्या विनोबांनी ‘जय जगत’ हा घोष दिला, ‘ख्रिस्त-धर्म-सार’ही संपादित केला, त्यांच्या भारतनिष्ठेची चौकशी झाली नाही. मग हीच दृष्टी ख्रिस्ती माणसाच्या वाट्याला का येऊ नये? फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले, हरित वसईच्या आंदोलनात शेती आणि विहिरी वाचवण्यासाठी बिल्डरांशी व सत्तेशी झुंज घेतली, तरी जानेवारी 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली तेव्हा केवळ ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झाला. वसईची माती वाचवणाऱ्याला मातीचा पुरावा मागितला गेला, ही मराठी संस्कृतीला लाज आणणारी गोष्ट होती. तीन वर्षांनी, फेब्रुवारी 2023 मध्ये, संमेलन वर्ध्याला भरले, ज्या गावात या आरोपाचे उत्तर मगनवाडीच्या रूपाने उभे आहे.

मंडळीच्या आतही या आशेचे विकृत रूप आहे आणि त्यालाही तितकेच ठाम उत्तर दिले पाहिजे. ‘हे जग आपले घर नव्हे’ असे म्हणत काही उपदेशक दुष्काळ, कर्जबाजारीपणा, शेतकऱ्यांच्या आत्महत्या यांना शेवटच्या काळाची चिन्हे ठरवून हात झटकतात. विदर्भातल्या कापसाच्या शेतकऱ्याच्या दारात उभे राहून असे बोलणारा पाळक आरोप करणाऱ्याचेच काम करतो. त्याला खोडायला बाहेरचा ग्रंथ लागत नाही: शेवटच्या न्यायाच्या दृष्टान्तात भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा आणि बंदिवानाची भेट हीच त्या नगराच्या प्रवेशाची कसोटी येशूने सांगितली आहे, असे मत्तयाचा पंचविसावा अध्याय सांगतो. या कसोटीत पृथ्वीवरच्या कामाखेरीज दुसरे काहीच विचारले जात नाही. स्वर्गाची आशा बाळगून शेजाऱ्याकडे पाठ फिरवणाऱ्याला त्या नगराच्या उघड्या वेशीतूनही आत घेतले जाणार नाही, ही ख्रिस्ती शिकवण आहे. तिची धार कमी करण्याचा अधिकार कोणत्याही उपदेशकाला नाही.

स्वर्गीय नगराची आशा माणसाला भूमीपासून तोडते हे म्हणणे, तेव्हा, ग्रंथाच्या आधारे टिकत नाही, इतिहासाच्या आधारे टिकत नाही आणि वर्ध्यात तर अजिबातच टिकत नाही. या आशेने माणसाला येथे जागा दिली, काम दिले आणि सत्तेपुढे मान ताठ ठेवण्याचे बळ दिले. कुमारप्पांनी स्वातंत्र्यानंतरही खुर्ची मागितली नाही, वर्धा जिल्ह्यातल्या सेलडोहला त्यांनी शेतीचा आश्रम उभारला. 30 जानेवारी 1960 रोजी त्यांचे निधन झाले. आज त्यांचे नाव घेतले जाते ते ‘गांधीवादी अर्थशास्त्रज्ञ’ एवढ्या ओळखीने, आणि त्या ओळखीतून त्यांचा येशू हळूच वगळला जातो, म्हणजे आरोप सांभाळायला सोपे जाते. ज्यांना हा आरोप पुन्हा करायचा असेल त्यांनी कुमारप्पांची ती दोन पुस्तके, एकाच तुरुंगात लिहिलेली आणि एकाच वर्षी छापलेली, एकापाठोपाठ एक वाचावीत, आणि येशूचे पुस्तक कुठे संपते व अर्थशास्त्राचे कुठे सुरू होते ते दाखवून द्यावे.